राडोची ओढ, सिकोची सोबत

सुट्टीवर घरी आलेल्या आखाती माणसाच्या मनगटाकडे गावाची नजर आधी जायची, चेहऱ्याकडे नंतर. ऐंशीच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही हे नव्याने सांगावं लागत नाही. मुंबईला विमानातून उतरून रातराणी एसटीने माणूस गावी यायचा. टपावरून दोरीने करकचून बांधलेली खोकी खाली यायची. त्यांतून टेपरेकॉर्डर, निडोचे डबे, टँग, अत्तराच्या कुप्या, परदेशी कापडाचे तागे निघायचे आणि दोन दिवसांत घरोघर वाटून संपायचे. वाटायची नसलेली वस्तू एकच : त्याच्या हातातलं राडो.

राडोचं डायस्टार हे मॉडेल १९६२ सालचं. टंगस्टन कार्बाइडपासून केलेली कठीण लंबगोल केस, तेवढीच कठीण काच, आणि ओरखडा उठत नाही ही ख्याती. ऑटोमॅटिक राडोच्या तबकडीवर एक इवलासा नांगर असतो, मनगट हललं की तो डोलतो. डोलायचा थांबला तर आतलं तेल सुकत आलं, घड्याळ साफ करायला द्या, अशी ती खूण. मिरकरवाडा, राजिवडा, जयगड, दाभोळ अशी बंदरं असलेल्या जिल्ह्यात या डोलत्या नांगराचं कौतुक जरा जास्तच झालं. लग्नाच्या मांडवात, नमाजानंतरच्या गप्पांत, ग्रामपंचायतीच्या बाकावर तो नांगर ज्याच्या हातात, त्याच्या बोलण्याला वजन.

ज्यांना हे राडो मनापासून हवं होतं आणि ज्यांनी ते शेवटी घेतलं नाही, त्यांच्याविषयी हा लेख आहे. परवडलं नाही म्हणून सोडलं, असे त्यांत पुष्कळ. पण पुढे हातात पैसा खेळू लागल्यावरही ज्यांनी घेतलं नाही, असेही थोडेथोडके नाहीत, आणि मला कुतूहल होतं ते त्यांचं. रत्नागिरीच्या राम आळीत, मारुती मंदिराच्या परिसरात, पुढे चिपळूण-खेडच्या बाजारात घड्याळजींकडे बसलो. मिरकरवाड्यात बोटीवरच्या माणसांना गाठलं. कुवेत-दुबईची नोकरी संपवून परतलेल्यांच्या पडवीत बसून विचारलं. बहुतेकांची हकिगत एकाच वळणाची निघाली. मोठ्या घड्याळाची ओढ होती. ते घेईपर्यंत चालवायला म्हणून एक साधं घड्याळ घेतलं. ते हाताला असं बसलं की मोठ्या घड्याळाचा विषय मागे पडत गेला. पैसे नव्हते तेव्हा तो धगधगता होता. पैसे आले तेव्हा विझला. याचं निम्मं कारण घड्याळाच्या आत आहे आणि निम्मं या किनाऱ्याच्या इतिहासात.

किनाऱ्याचं आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकापासून स्विस घड्याळांचा व्यापार मुंबईत जोरात होता. फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड, रोमर ही नावं मराठी घरांत रुळलेली होती, आणि आजोबांचं वेस्ट एंड किंवा रोमर अजून एखाद्या कोकणी घराच्या फडताळात सापडतं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक बंधनं आली आणि जकात जबर झाली. मागणी मात्र कमी झाली नाही. ती भरून काढली चोरट्या मालाने. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या चोरट्या मालात सोनं, मनगटी घड्याळं आणि कृत्रिम धाग्याचं कापड या तीन गोष्टी सतत असायच्या. खाड्यांनी कातरलेला आणि वस्तीपासून दूर पुळणी असलेला कोकणचा किनारा त्या व्यापाराला सोयीचा होता. १९७४ साली तस्करीला आळा घालणारा कॉफेपोसा कायदा आला, आणीबाणीत मोठी धरपकड झाली, तरी मुंबईत मुसाफिरखान्यात आणि मनीष मार्केटमध्ये 'बाहेरचं' घड्याळ मिळतच राहिलं.

या सगळ्याचा परिणाम माणसांच्या मनावर झाला, आणि तो फार खोल झाला. चांगलं घड्याळ म्हणजे समुद्रापलीकडून आलेलं, उघड दुकानात न मिळणारं, कुणाच्या तरी ओळखीने हाती पडणारं. इथल्या दोन पिढ्यांच्या मनात घड्याळाची इच्छा अशी घडली. त्या इच्छेत वेळ पाहण्याची गरज कमी आणि 'आपणही समुद्रापलीकडे पोचलो' हे दाखवण्याची आस जास्त होती. ती आस मला क्षुद्र वाटत नाही. लाल मातीच्या एक-दोन गुंठ्यांवर सहा भावंडं वाढवणाऱ्या घरातला मुलगा कुवेतला जाऊन येतो, तेव्हा त्याला काही तरी दाखवावंसं वाटणारच.

सरकारने या मागणीला दिलेलं उत्तर म्हणजे एचएमटी. मुळात यंत्रं बनवण्यासाठी १९५३ साली सुरू झालेल्या या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला मनगटी घड्याळं जुळवायला घेतली. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, बायकांसाठी सुजाता. पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग इथेही कारखाने झाले, अंध व्यक्तींसाठी ब्रेलची घड्याळंही निघाली, आणि कंपनीने एकूण दहा कोटींहून अधिक घड्याळं देशाला दिली. जनता हे त्यातलं सर्वांत साधं. रोज सकाळी चावी द्यायची, सतरा ज्वेलचं मशीन, तासाला अठरा हजार ठोके, पांढरी किंवा काळी तबकडी, चामड्याचा पट्टा. सोनेरी कांचनला तर लग्नसराईत अशी मागणी होती की छापील किमतीवर 'ऑन' मोजावा लागे.

कोकणात एचएमटी आलं ते मुंबईहून, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या हातातून. गिरणीतला जॉबर, बेस्टचा वाहक, गोदीतला कारकून, आणि इकडे प्राथमिक शाळेतले गुरुजी, एसटीचा कंडक्टर, तलाठी. मॅट्रिक झालेल्या मुलाला वडिलांनी घेऊन दिलेलं पहिलं घड्याळ बहुधा हेच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जनता काही पाण्यात टिकणारं घड्याळ नव्हे. आषाढात काचेच्या आत वाफ धरायची, चावीच्या दांड्याला गंज चढायचा. तांदळाच्या डब्यात रात्रभर पुरून ठेवलेली घड्याळं मी स्वतः पाहिली आहेत. श्रावण संपला की घड्याळजीकडे रांग.

त्या रांगेत एक गोष्ट घडायची आणि माझ्या मते ती फार महत्त्वाची आहे. घड्याळजी मागचं झाकण गिऱ्हाईकासमोर उघडायचा. डोळ्याला आयग्लास, हातात चिमटा, खाली पांढरा कागद. बॅलन्स डावी-उजवीकडे झुलताना दिसायचा, कमान कुठे गुंडाळली जाते ते दिसायचं, गंजलेला दांडा काढून डब्यातल्या दुसऱ्या एचएमटीचा दांडा तिथे बसताना दिसायचा. चावीच्या अनेक मॉडेलांमध्ये तबकडी वेगळी, काटे वेगळे, नाव वेगळं, पण आतलं मशीन एकाच घराण्याचं. त्यामुळे सुटे भाग मिळायचे आणि दुरुस्ती स्वस्तात व्हायची. चिपळूणचे एक वयस्क घड्याळजी म्हणाले की, ज्याने आपलं घड्याळ एकदा उघडलेलं पाहिलं, तो ते सहसा टाकून देत नाही. मला ते पटतं. कपाटाच्या काचेमागचं घड्याळ हवंसं वाटतं त्याच्या बाहेरच्या रूपामुळे. हातातल्या घड्याळाचं आतलं काम कळलं की त्याच्याशी निराळं नातं जडतं आणि काचेमागच्याची ओढ थोडी सैल होते.

सिकोची गोष्ट मात्र याहून मोठी आहे. कंपनीचं नाव सेइको, पण रत्नागिरीत कुणी असं म्हणत नाही. इथे ते सिको. 'सिको फाइव्ह' हे घड्याळ कंपनीने १९६३ साली जपानमध्ये आणलं. फाइव्ह म्हणजे पाच वचनं : चावी न देता हाताच्या हालचालीवर चालेल, वार आणि तारीख एकाच खिडकीत दिसतील, पाणी आत जाणार नाही, वेळ लावायचं बटण चारच्या जागी केसमध्ये दबलेलं असेल, आणि केस व पट्टा दणकट असतील. प्रत्येक वचन कष्टकऱ्याच्या कामाचं आहे. बटण तीनच्या जागी बाहेर आलेलं असलं की काम करताना मनगट मागे वाकलं की ते टोचतं. चारच्या जागी दबलेलं असलं की टोचत नाही. हातोडा, पाना, स्टिअरिंग धरणाऱ्यालाच याची किंमत कळते.

आखातात हे घड्याळ सर्वत्र मिळायचं, आणि तिथे विकल्या जाणाऱ्या घड्याळांत वाराची चकती इंग्रजी-अरबी अशी दुहेरी असायची. वाराची चकती इंग्रजीवर ठेवायची की अरबीवर, हे ज्याने त्याने ठरवायचं. मुसलमान घरांत ती लिपी मदरशापासून ओळखीची. हिंदू तरुण मात्र ती सात नावं घड्याळावरूनच वाचायला शिकले, असं कुवेतला वायरमन म्हणून उमेद घालवलेले एक गृहस्थ सांगत होते. त्यांच्या हातातल्या सिकोत शुक्रवार अजून अरबीत उगवतो. चकती इंग्रजीवर आणणं दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यांना ती तशीच हवी आहे.

याच गृहस्थांनी मला राडो न घेण्याची गोष्ट सर्वांत नीट सांगितली. गेले तेव्हा पक्कं ठरवलं होतं, पहिल्या सुट्टीला राडो घालूनच गावात पाऊल टाकायचं. सहा-सात महिने पैसे बाजूला टाकले. तोवर साइटवर वेळ कळायला हवी म्हणून एक सिको घेतलं. सुट्टी जवळ आली तसं बाजारात जाऊन राडोची किंमत पुन्हा विचारली आणि मनात हिशेब केला : या पैशात घरातल्या सगळ्या पुरुषांना सिको येतं, बहिणीला आणि बायकोला छोटं सिटिझन येतं, आणि तरी काही उरतं. त्यांनी तसं केलं. गावात उतरले ते स्वतःच्या हातातल्या धुळकट सिकोसह, आणि खोक्यात वडील, दोन भाऊ, मेव्हणा यांची घड्याळं. त्या सुट्टीत घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. लोकांनी विचारलं, राडो नाही आणलंस? वडिलांनीच उत्तर दिलं, सगळ्यांना आणलंन्.

पुढे त्यांनी घर बांधलं, मुलांना शिकवलं, मुलगा आता दुबईत इंजिनियर आहे. राडो घेण्याइतके पैसे वीस वर्षांपूर्वीच जमले होते. घ्यावंसं वाटलं नाही, एवढंच ते म्हणाले. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की, त्यांना राडो हवं होतं ते घरी येताना हात रिकामा नसावा म्हणून, आणि हात रिकामा नव्हता.

सिकोची यांत्रिक बाजूही या समाधानाला साथ देते. हाताच्या हालचालीने आतला वजनी अर्धगोल फिरतो आणि कमान गुंडाळली जाते. तो कुठल्याही दिशेला फिरला तरी कमान भरावी यासाठी सिकोने 'मॅजिक लिव्हर' नावाची एक अतिशय सुटसुटीत रचना केली. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. १९९६ पासून या मालिकेत आलेलं ७एस२६ हे मशीन तर इतकं सोपं आहे की बटण फिरवून त्याला चावी देताच येत नाही. हातात घालून हलवलं की चालू. वेल्डर, गवंडी, सुतार, ड्रायव्हर यांच्या हातावर ते कधी थांबत नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या हातावर मात्र सोमवारी सकाळी बंद पडलेलं आढळतं. कष्टाच्या हाताला शोभणारं हे घड्याळ आहे, आणि आखाती उन्हात, सिमेंटच्या धुळीत त्याने पंचवीस-तीस वर्षं काढल्याची उदाहरणं या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

आता घड्याळाच्या आतलं दुसरं, मोठं कारण. २५ डिसेंबर १९६९ रोजी याच सिकोने टोकियोत अ‍ॅस्ट्रॉन नावाचं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन, त्या काळी जपानमध्ये एका छोट्या मोटारीइतकी. आत गारगोटीच्या स्फटिकाचा तुकडा, सेलच्या विजेवर थरथरणारा. आजच्या क्वार्ट्झ घड्याळांत हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणून ती निवडली आहे; आतली चिप तेवढंच करते आणि दर सेकंदाला एक ठोका देते. दहा-पंधरा वर्षांत हे तंत्र इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या नव्वद हजारांवरून तीस हजारांच्या घरात आल्या. भारतात टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाने १९८४ साली टायटन उभी केली, होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळं बाहेर पडू लागली, आणि झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली या कंपनीने चावीच्या एचएमटीला काही वर्षांत मागे सारलं.

क्वार्ट्झने जे केलं त्याचा साधा हिशेब मांडतो. स्वित्झर्लंडमध्ये यांत्रिक घड्याळाला अचूकतेचं प्रमाणपत्र देणारी सीओएससी नावाची संस्था आहे. तिच्या कसोटीला उतरायचं तर दिवसाची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत हवी. म्हणजे रोज सहा सेकंद पुढे जाणारं, महिन्याला तीन मिनिटं चुकणारं घड्याळही उत्तम ठरू शकतं. रोलेक्स स्वतःसाठी दिवसाला दोन सेकंदांची मर्यादा पाळते. महिन्याला तो फरक एक मिनिटाचा होतो. रत्नागिरीच्या बाजारात हजार-दीड हजारांत मिळणाऱ्या कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यू या प्लॅस्टिकच्या घड्याळाची कंपनीने सांगितलेली चूक महिन्याला तीस सेकंदांच्या आत आहे.

हे उलगडलं की मनात काही तरी हलतं. १९६९ पूर्वी जास्त पैसे दिले की जास्त अचूक वेळ मिळत होती. किंमत आणि वेळ यांचं नातं सरळ होतं. ते नातं तुटलं. महागडं घड्याळ आज जे देतं ते वेगळं आहे : हाताने घासलेल्या कडा, शेकडो सूक्ष्म भागांची जुळणी, मुलाला देऊन जावं अशी वस्तू. ते देणं खरं आहे आणि ती कारागिरी मला मनापासून आवडते. पण त्यासाठी गरज या शब्दाचा आधार घेता येत नाही. बोटीवर जायला, परीक्षेला बसायला, पहाटेची गाडी पकडायला आणखी चांगलं घड्याळ लागतं, असं स्वतःला सांगता येत नाही, कारण त्या कामाला सर्वांत चांगलं घड्याळ आधीच हातात आहे.

मिरकरवाड्यात हे डोळ्यांनी दिसतं. पहाटे लिलावाच्या वेळी धक्क्यावर उभं राहून मनगटं पाहिली तर बहुतेक काळ्या प्लॅस्टिकची. एफ-९१डब्ल्यू हे १९८९ सालचं. वजन एकवीस ग्रॅम, एका सेलवर सुमारे सात वर्षं, दर तासाला एक बारीक पीप. रंगरूप अजून तेच. बोटीवर मोबाइल असतोच, पण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये. बर्फाच्या आणि मासळीच्या हातांनी तो कोण काढणार? मनगट फक्त वळवायचं असतं.

मच्छीमाराला वेळ दोन प्रकारची लागते. एक भरती-ओहोटीची, जी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि जिच्यासाठी जुन्या तांडेलांना तिथी पुरते. दुसरी जाळ्याची : ट्रॉलचं जाळं टाकल्यापासून किती वेळ ओढायचं आणि कधी उचलायचं. या दुसरीसाठी जाणते लोक एफ-९१डब्ल्यू सोडून थोडं वरचं मॉडेल घेतात, कारण एफ-९१डब्ल्यूमध्ये स्टॉपवॉच आहे पण उलट मोजणी नाही, आणि त्यावर लिहिलेलं पाणीरोधक हे पावसाच्या शिंतोड्यांपुरतंच धरायचं. पाण्यात असताना त्याची बटणं दाबली की संपलं. शंभर मीटरच्या दर्जाचं, दहा वर्षं सेल चालणारं एई-१२०० त्यापेक्षा थोड्या जास्त पैशांत येतं आणि खाऱ्या पाण्यात निभावतं. निभावत नाही तो पट्टा. खार आणि ऊन यांनी दोन-तीन वर्षांत तो चिरतो, मग मशीन धडधाकट असूनही घड्याळ फेकलं जातं. नायलॉनचा पट्टा बसवून देणारे दोन-तीन दुकानदार आता भेटले, ही चांगली गोष्ट आहे. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी ओढल्या की घड्याळांचीही डागडुजी होते.

एका ट्रॉलरमालकाला मी विचारलं की दोन हंगाम चांगले गेले, आता मोठं घड्याळ घ्यावंसं वाटत नाही का. वाटायचं, म्हणाला, घेतलंही होतं एक, लग्नात घालायला. बोटीवर चढताना काढून घरी ठेवावं लागायचं. जे काढून ठेवावं लागतं ते आपलं वाटत नाही, म्हणून पुतण्याला देऊन टाकलं.

त्याच एई-१२००ने इथल्या आखाती घरांतही आपली जागा केली आहे. त्यात एकतीस कालक्षेत्रांची वेळ आहे आणि तबकडीवर जगाचा छोटा नकाशा. दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच तास. इकडच्या आईला मुलाच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा असतो, तिकडच्या मुलाला घरी दिवेलागण झाली का ते पाहायचं असतं. पूर्वी यासाठी भिंतीवर दोन घड्याळं टांगलेली घरं होती. आता एक मनगट पुरतं. समुद्रापलीकडे पोचल्याची खूण म्हणून ज्या कुटुंबांत एकदा राडो आलं, त्याच कुटुंबांत आता समुद्रापलीकडच्या माणसाची वेळ पाहायला साधं घड्याळ येतं.

ओढ सगळ्यांचीच संपली आहे, असं म्हणणं खोटं होईल. २००१ पर्यंत आयातीवरची बंधनं उठली. मोठ्या शहरांच्या मॉलमध्ये परदेशी घड्याळं उजळ माथ्याने मांडलेली असतात, हप्ते आहेत, आणि रत्नागिरीचा मुलगा पुण्यात पहिला पगार झाला की तिथे डोकावतोच. गंमत अशी की ओढीचा एक नवा विषय खुद्द एचएमटी झालं आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि आजोबांच्या जनता-पायलटचा भाव चढू लागला. अभियांत्रिकीचे विद्यार्थी महागड्या स्मार्टवॉचऐवजी जुनं चावीचं घड्याळ शोधताना भेटतात, याचा मला आनंद आहे. त्यांना एकच सावधगिरी सांगतो. मुंबईत जुन्या एचएमटी आणि सिकोच्या तबकड्या नव्याने रंगवून, इकडचे काटे तिकडे लावून विकण्याचा मोठा धंदा आहे; जगभरचे संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भडक निळी, केशरी, हिरवी, अगदी नवी कोरी तबकडी आणि अक्षरं जरा जाड किंवा वाकडी दिसली, तर ती कारखान्यातून आलेली नव्हे. वापरायला हरकत नाही, पण मूळ समजून त्याची किंमत देऊ नये. त्यापेक्षा घरातल्या फडताळात पडलेलं, पिवळटलेल्या तबकडीचं घड्याळ साफ करून घ्यावं.

साफ करणारे मात्र कमी होत चालले आहेत. सेल बदलणारे आणि पट्टे विकणारे रत्नागिरीत भरपूर. मशीन उघडून प्रत्येक भाग धुऊन, तेल देऊन परत जुळवणारे फार थोडे, आणि तेही साठीच्या पुढचे. त्यांची मुलं या धंद्यात नाहीत, आणि चार-पाचशे रुपयांच्या सर्व्हिसिंगवर घर चालत नाही हे त्या मुलांचं म्हणणं चुकीचं नाही. महागड्या घड्याळांना कंपनीची केंद्रं आहेत, मुंबईला पाठवलं की झालं. पंचवीस वर्षं चाललेल्या सिकोला आणि पन्नास वर्षं चाललेल्या जनताला हे चार-दोन म्हातारे हात सोडून कुणी नाही, आणि कुणा संस्थेने हे काम शिकवायला घ्यावं असं मला फार तळमळीने वाटतं.

त्या हातांपैकी एकाने राम आळीत मला त्यांच्याकडे येणाऱ्या घड्याळांतला फरक दाखवला. स्वस्त घड्याळं येतात ती वापराने थकून : काचेवर चरे, पट्टा तुटलेला, झाकणाच्या खाचेत घाम आणि माती. महागडी येतात ती पडून राहून. क्वार्ट्झ राडो लग्नापुरतं कपाटातून निघतं, मग दोन-तीन वर्षं आत. दरम्यान सेल संपतो, तसाच राहिला की कधी पाझरतो आणि तो हिरवट क्षार सर्किट खाऊन टाकतो. म्हणून सेल संपलेलं कुठलंही घड्याळ, वापरायचं नसलं तरी, सेल काढूनच ठेवावं, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात.